तेवीस डिग्रीचा राग

"तो घेऊ नका. तो झिरपत नाही."

मी कुणाला सल्ला द्यायला शहागंजच्या बाजारात गेले नव्हते. पण मे महिन्यातल्या दुपारी एक वाजता एक बरा दिसणारा माणूस सगळ्यांत गुळगुळीत, सगळ्यांत चमकदार आणि म्हणूनच सगळ्यांत निकामी माठ दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता. आणि त्या दिवशी मला कुणाचीही, कसलीही चूक सहन होत नव्हती.

त्यानं वळून पाहिलं. "झिरपणारा माठ म्हणजे फुटका ना?"

"न झिरपणारा माठ म्हणजे नुसतं भांडं. पाणी झिरपतं, बाहेर वाळतं, म्हणून आतलं गार होतं. शाळेत शिकवलं नाही?"

"शिकवलं असेल. मी मागच्या बाकावर होतो."

माठवाल्या वच्छलाबाईंनी डोळे वटारले. "ओ ताई, माझं गिऱ्हाईक कामून पळवू लागल्या?"

"पळवत नाही, मावशी. तो खालचा द्या त्यांना. खरबरीत, काळ्या डागाचा."

"व्हय, त्यो लई भारी हाय. पर दिसायला बरा नाय म्हून कोणी हात लाविना."

त्यानं चमकदार माठ खाली ठेवला, डागाचा उचलला, आणि एक विचित्र गोष्ट केली. माठाच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि सावकाश वास घेतला. माठ वाजवून घेणारे पाहिले होते, हुंगून घेणारा पहिलाच.

"आईसाठी," तो म्हणाला, जणू मी विचारलंच होतं. "आणि तुम्ही? सहा गोणपाट, वाळ्याच्या चार जुड्या... घरी हत्ती आहे का?"

"दारू."

"काय?"

"दारू गार ठेवते मी. पंचेचाळीस बाटल्या."

तो हसला. चांगलं हसला. त्या हसण्यावर एरवी मी जरा रेंगाळले असते, पण पर्समध्ये घडी घातलेला मेमो होता आणि तो सकाळपासून मला चटके देत होता.

शेजारच्या गाड्यावर त्यानं दोन लिंबू सोडे सांगितले. ताडपत्रीच्या हातभर सावलीत आम्ही उभे राहिलो... मध्ये माठ. आणि अनोळखी माणसाला सांगायचं नसतं ते सगळं मी सांगून टाकलं.

मी दीपमाला. जालना रोडवर, विमानतळाच्या अलीकडे जे मोठं हॉटेल आहे, तिथं स्टोअर सांभाळते. एप्रिलच्या दोन तारखेला हॉटेलात इटलीची लाल वाइन आली, बारोलो नावाची. अठ्ठेचाळीस बाटल्या. चिकलठाण्यात एका कारखान्यात नवी मशिनं बसवायला इटलीचे इंजिनिअर येणार आहेत, तीस मेला त्यांचं जेवण, त्यासाठी. सात एप्रिलला स्टोअरचा एसी बंद पडला. मी आठ एप्रिलला लेखी कळवलं. पंधराला कळवलं. सत्तावीसला कळवलं. कुणी आलं नाही. मग मीच वाळू आणली, जमिनीवर पसरली, रोज भिजवली, प्रत्येक बाटली प्लास्टिकमध्ये गुंडाळून वाळूत आडवी निजवली, वर ओलं गोणपाट घातलं. सकाळी सहा आणि दुपारी दोनचं तापमान वहीत लिहिलं. बाहेर बेचाळीस असताना आत तेवीस.

"तेवीस?" त्याचा ग्लास तोंडाशी थांबला. "एसीशिवाय?"

"माझ्या वडिलांचं गुलमंडीत विड्याच्या पानांचं दुकान आहे. पाणी जास्त झालं की पान सडतं, कमी झालं की वाळतं. लहानपणापासून गोणपाटं भिजवत आलेय मी."

"मग राग कसला?"

"पुण्याहून एक तज्ज्ञ आले. वाइन ज्यांनी विकली त्या कंपनीचे. आले, वर बसले, तीन बाटल्या चाखल्या आणि लिहून गेले – साठवणुकीतल्या निष्काळजीपणामुळे संपूर्ण साठा खराब. संपूर्ण! स्टोअरची पायरी उतरले नाहीत. त्या तीन बाटल्या माझ्या स्टोअरमधल्या नव्हत्याच. आमच्या मॅनेजरनी त्या महिनाभर काउंटरवर शोभेला उभ्या केल्या होत्या. कॉफीच्या मशीनच्या वर, दिव्याखाली. आता मला मेमो आहे. सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा."

सोड्यातले बुडबुडे वर येत होते आणि तो ते मोजत असल्यासारखा पाहत होता.

"नाव काय म्हणालात त्यांचं?"

"म्हणालेच नाही. बी. बी. खरात. पन्नाशीचे असणार, पोट सुटलेलं, सोनेरी चष्मा."

"पोट कशावरून?"

"भाषेवरून."

त्याचा हात नकळत स्वतःच्या पोटाकडे गेला. मला ते तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं.

"मी भूषण," तो शेवटी म्हणाला. "छावणीत घर आहे. आता बाहेरगावी असतो, आईकडे आलोय. माठ बरा निघाला नाही तर... तक्रार कुठं करायची?"

मी नंबर दिला. माठाच्या तक्रारीसाठी. असं मी स्वतःला दोनदा बजावलं.

*

त्याच संध्याकाळी पहिला मेसेज आला. 'माठ झिरपतोय. आई खूश. फरशी ओली.'

मी लिहिलं, 'खाली ताटली ठेवा. हेही सांगायचं?'

दुसऱ्या दिवशी, 'वाळू कुठली वापरता? जाड की बारीक?' तिसऱ्या दिवशी, 'बाटल्यांची बुचं वर आलीत का, पाहिलंत?'

मी पाहिली होती. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस बुचं काचेच्या काठाशी सपाट होती. उष्णता लागली की आतला द्रव फुगतो आणि बूच वर ढकलतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. काउंटरवरच्या तीन बाटल्यांकडे बघून कळलं होतं. तिन्हींची बुचं टाचा उंच केल्यासारखी वर आली होती.

हे सगळं मी त्याला लिहिलं. दीड महिन्यात कुणी मला एक प्रश्न विचारला नव्हता, आणि हा माणूस नेमके प्रश्न विचारत होता. दुपारी दोनचं तापमान लिहून झालं की मी फोन बघायला लागले. ते माझ्या लक्षात आलं आणि त्याचाही राग आला.

'खुलासा लिहिलात?' त्यानं विचारलं.

'चार वेळा. प्रत्येक वेळी त्यात शिवी येते.'

'फारच तापट दिसता.'

'तापट नाही. माझा राग मी तेवीस डिग्रीला ठेवलाय. म्हणून टिकलाय.'

बराच वेळ नुसतं 'टाइप करत आहे' दिसायचं आणि जायचं. मग आलं, 'दीपमाला, मला तुम्हाला एक सांगायचंय. समोर सांगतो.'

काय सांगायचं असेल? मी आरशात बघून वेणी घातली. दोनदा.

*

शनिवारी सकाळी साडेदहाला सर्जेराव सरांनी मला वर बोलावलं. सर्जेराव म्हणजे आमचे मॅनेजर. त्यांच्या खुर्चीसमोर भूषण उभा होता. पांढरा शर्ट, हातात चामडी बॅग.

"ये," सर म्हणाले. "हे खरात साहेब. पुन्हा तपासणी करायची म्हणतात. मला तर काही गरज वाटत नाही, पण आलेच आहेत."

खरात साहेब.

मला आधी काहीच कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं... बुडबुडे, पोटाकडे गेलेला हात, बुचांचे प्रश्न. आणि दोनदा घातलेली वेणी. ती सगळ्यांत आधी आठवली.

"पूर्ण नाव?" मी विचारलं.

"बुद्धभूषण बाबासाहेब खरात," तो खाली बघून म्हणाला.

"चला. पायऱ्या उतरायच्या आहेत. मागच्या वेळी राहून गेल्या होत्या."

स्टोअर जिन्याखाली आहे. दार उघडलं की ओल्या वाळ्याचा वास येतो. सर दारातच घाम पुसत थांबले, म्हणाले, "ही वाळू वगैरे काय घाण केलीये?" मग त्यांचा फोन वाजला आणि ते वर गेले. आम्ही दोघं, भिंतीवरचा थर्मामीटर आणि वाळूत आडव्या पंचेचाळीस बाटल्या.

तो थर्मामीटरजवळ गेला. बावीस पूर्णांक आठ. मग गुडघ्यावर बसून त्यानं गोणपाट उचललं. एखाद्याच्या अंगावरचं पांघरूण बाजूला करावं तसं, हळू.

"चार दिवस," मी म्हणाले. "चार दिवस तुम्ही मला वाळूबद्दल विचारत होतात. जाड की बारीक!"

"खरंच जाणून घ्यायचं होतं."

"मग पहिल्या दिवशी सांगायचं. सोडा पिताना सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही तो माठ माझ्या डोक्यात घातला असता."

"घातलाच असता! चांगला माठ होता, तरी घातला असता."

त्याला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं. बरं केलं. त्या क्षणी हसला असता तर आज ही गोष्ट नसती.

"एक बाटली निवडा," तो म्हणाला.

"तुम्ही निवडा. नंतर कुणी म्हणायला नको, हिनं चांगली तेवढी काढून दिली."

त्यानं तिसऱ्या ओळीतली, भिंतीकडची काढली. भिंत हातानं चाचपून सगळ्यांत उबदार, म्हणजे सगळ्यांत वाईट जागा कोणती, ते त्याला बरोबर कळलं होतं. प्लास्टिक सोडलं, बुचावरून अंगठा फिरवला. "सपाट," तो पुटपुटला. मग म्हणाला, "अजून तीन-चार डिग्री खाली हवी. बर्फ आहे?"

"बर्फ कशाला? माठात ठेवा." कोपऱ्यात माझा माठ होता, खरबरीत, घामेजलेला. "वीस मिनिटं."

वीस मिनिटं! एका खोलीत, दोन स्टुलांवर, ज्याच्यावर मी चार दिवस खूश होते आणि आठवडाभर चिडले होते, अशा एकाच माणसासमोर.

"मागच्या वेळी पुढच्या गावाचं विमान चुकेल म्हणून घाई होती," तो स्वतःच बोलायला लागला. "तुमच्या साहेबांनी तीन बाटल्या पुढ्यात ठेवल्या. तिन्ही शिजलेल्या. चव स्पष्ट होती, जाम उकळल्यासारखी. मी चवीबद्दल लिहिलं ते खरं लिहिलं."

"आणि संपूर्ण साठा?"

"ते..." तो थांबला. "ते पाहिलं नव्हतं. तरी लिहिलं."

"तुम्ही चव घेतलीत तीन बाटल्यांची आणि निकाल दिलात माझा. मी काय करते, कशी करते, एकदा विचारलं असतंत? निष्काळजीपणा हा शब्द लिहिताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की तिथं खाली कुणीतरी माणूस असेल?"

माझा आवाज चढला होता. माठावरून एक थेंब ओघळला. त्यानं सबब दिली नाही, समजूत घातली नाही. ऐकत राहिला. रागावलेल्या बाईचं शेवटपर्यंत ऐकणारे पुरुष मी फार पाहिलेले नाहीत.

वीस मिनिटांनी त्यानं बूच काढलं. ग्लासात ओतलं. मला वाटलं होतं, गडद, रक्तासारखं काही असेल. ही तर फिकी होती. जुन्या विटेच्या रंगाकडे झुकलेली, कडेला नारिंगी झाक.

"खराब झाली?" मी विचारलं.

"अशीच असते ही. दिसण्यावर जाऊ नका."

त्यानं ग्लास फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला. चेहरा वाचता येईना. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मी बादली पुढे केली.

"माफ करा, थुंकायचं म्हणजे..."

"पानवाल्याची मुलगी आहे मी. थुंका."

तो थुंकला. दुसरा ग्लास माझ्यापुढे धरला. "आधी तुम्ही सांगा."

"मी कधी प्यायलेली नाही."

"म्हणूनच. पुस्तक वाचून बोलणार नाही तुम्ही. पिऊ नका, नुसतं तोंडात धरा."

मी आधी वास घेतला. पावसात भिजल्यावर... नाही, पाऊस नाही. वडिलांचं दुकान. उन्हात मुरत ठेवलेल्या बरणीचं झाकण उघडल्यावर येतो तो.

"गुलकंद," मी म्हणाले. "आणि त्याच्या मागून... जालना रोडवर नवं डांबर टाकलं होतं ना, दुपारी ते तापतं, तसं." मग घोट घेतला. जीभ, हिरड्या, गाल, सगळं आवळून आलं. "कात! तुरट, कातासारखं. जिभेला पकडून ठेवतं. आणि..." मी बादलीत थुंकले. "जात नाही लवकर."

त्याचा ग्लास हातात तसाच होता. तो माझ्याकडे बघत होता, तसं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. जणू मीच आत्ता उघडले गेले होते.

"काय? चुकलं?"

"गुलाब आणि डांबर," तो हळूच म्हणाला. "इटलीत जिथं ही होते, तिथं मी दोन वर्षं होतो. पहिल्या दिवशी शिकवतात – गुलाब आणि डांबर. मला दोन्ही एकत्र ओळखायला आठ महिने लागले. आणि कात... कात तर कुणालाच सांगता आला नव्हता. दीपमाला, ही बाटली निरोगी आहे. उत्तम आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानंच. मी लगेच म्हणाले, "लिहून द्या."

त्यानं लॅपटॉप गुडघ्यावर घेतला आणि तिथंच लिहिलं. आणखी दोन बाटल्या उघडल्या, दोन्ही तशाच. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'पुनर्तपासणीत स्टोअरमधील साठा समाधानकारक आढळला.'

"आढळला," मी वाचलं. "आधी कुणाला काय आढळलं होतं, ते कुठंय?"

त्यानं पुसलं. पुन्हा लिहिलं. 'पहिला अहवाल मी स्टोअर न पाहता लिहिला. खराब झालेल्या तीन बाटल्या काउंटरवर, कॉफी मशीनवर ठेवलेल्या होत्या. साठवणुकीत निष्काळजीपणा झालेला नाही. चूक माझी आहे.'

"कंपनी काय म्हणेल?"

"बरंच काही. कदाचित, घरी बस म्हणेल."

"मग?"

"मग आईच्या माठाखाली ताटली ठेवायला कुणीतरी हवंच आहे."

मी हसले नाही. फार प्रयत्न करावा लागला.

सर्जेराव सरांनी अहवाल दोनदा वाचला. काउंटरचा उल्लेख काढता येईल का, विचारलं. खरात साहेब म्हणाले, "नाही." एवढंच. सर माझ्याकडे वळले. "बरं, झालं गेलं. मेमो विसरून जा."

"विसरणार नाही," मी म्हणाले. "मागे घेतला असं लेखी द्या."

दुपारी दोनच्या आत ते मिळालं. एसी दुरुस्त करणारा माणूस सोमवारी आला. तो पत्ता विचारत आला, म्हणाला, मला पहिल्यांदाच कळवलंय.

*

तीस मेचं जेवण झालं. इटलीच्या म्हाताऱ्या इंजिनिअरनं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि टेबलावर हात आपटला. आनंदानं आपटला, असं वाढप्यांनी सांगितलं. मी खाली होते.

पुढच्या रविवारी सकाळी मी दुकानात पानं निवडत होते. समोर सावली पडली. मी वर पाहिलं नाही. बुटांवरून ओळखलं.

"नोकरी?" मी विचारलं.

"राहिली. इशारा मिळाला. लेखी."

"छान. तुम्हालाही कळलं, कसं वाटतं ते."

माझे वडील रामकिसन गल्ल्यावरून मान लांब करून बघत होते. "कोन हाय गं?"

"अप्पा, ते पुण्याचे तज्ज्ञ."

"त्येच व्हय, ज्यानं तुला रडवलं?"

"मी रडले नव्हते!"

"मंग रातभर शिव्या कुनाला देत व्हतीस? या वो साहेब, बसा. उभ्या मानसाला पान देत नाय आमी."

तो फळकुटावर बसला, गुडघे पोटाशी घेऊन. ओल्या पानांच्या वासानं त्याचे डोळे आपोआप मिटले. मग उघडले, आणि त्यानं अप्पा पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे वळेपर्यंत वाट पाहिली.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. आवाज दबका, पण शब्द नीट. "हेच त्या दिवशी समोर सांगायचं होतं. हे आणि मीच खरात आहे ते... दोन्ही. ते आधी सांगावं लागलं."

माझ्या हातात अर्धं पुसलेलं पान होतं. कानाच्या पाळ्या तापल्या. गुलमंडीचा सगळा गोंगाट मागे गेला आणि मला फक्त त्याच्या शर्टाचं एक सुटं बटण दिसत राहिलं.

"तुमची खोड गेली नाही," मी म्हणाले.

"कसली?"

"तीन भेटींवरून अख्ख्या साठ्याचा निकाल देता. माझं आतलं स्टोअर पाहिलंत? मी सकाळी कशी असते, माहीत आहे? उपाशी असताना? अजून राग आहे मला तुमचा. तो कमी झालेला नाही."

"माहीत आहे. चांगला टिकलाय." तो किंचित पुढे झुकला. "म्हणून निकाल देतच नाहीये. तपासणीची परवानगी मागतोय. महिनाभर इथंच काम घेतलंय. सकाळी सहा, दुपारी दोन... वेळ तुमचीच."

"दुपारी दोनला बाहेर बेचाळीस असतं."

"असू दे."

मी पान पुसलं, कात लावला, थोडा जास्तच लावला, गुलकंद घातला आणि घडी त्याच्या हातात ठेवली. बोटं लागली. त्यानं मागे घेतली नाहीत; मीही नाही.

"तुरट लागेल."

"लागू दे."

दुसऱ्या दिवशी एसी सुरू होता. वाळू, गोणपाट कशाचीच गरज उरली नव्हती, पण वही मी सोडलेली नव्हती. दोनला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. चेहरा लाल, शर्ट पाठीला चिकटलेला, केसांतून घाम. तो दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला, "उशीर नाही ना झाला?"

मी आधी त्याला माठातलं पाणी दिलं. मग वही उघडली आणि त्याच्यासमोरच लिहिलं :

दुपारी २. बाहेर ४२. आत १८. खरात – हजर.